पाय रोवा, बूल फेका!

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात संधिवातानं जखडलेल्या एका खेळाडूसाठी दोस्तांनी चक्क खेळाचे नियमच बदलले. त्यातून जन्मलेला 'पेतांक' आज जगभर खेळला जातो. त्या पहिल्या मैदानाची आणि तिथल्या क्लबची ही गोष्ट...

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेलच. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी सकाळी सात वाजता बॅट घेऊन हजर. मग कधीतरी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, किंवा दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत बसून पाठीनं संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, 'पळापळ बंद!' सुरुवातीचे काही रविवार तो आला. बाउंड्रीपाशी बसून टाळ्या वाजवल्या, अंपायरिंग केलं, स्कोअर लिहिला. मग हळूहळू 'आज जरा काम आहे रे' सुरू झालं. आता तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर उरलाय, वाढदिवसाला केकचं चित्र टाकण्यापुरता.

यात कुणाचीच तशी चूक नसते. आपण त्याला विसरलेलो नसतो, त्याचाही राग नसतो. खेळाचे नियम जे आहेत ते आहेत, ज्याला झेपेल तो खेळणार, असं आपण धरून चाललेलो असतो. नियमही शेवटी आपल्यासारख्याच माणसांनी केलेत आणि ते बदलता येतात, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

ला सियोता नावाच्या गावातल्या मंडळींच्या डोक्यात मात्र ते आलं. मित्राला पळता येत नाही ना? मग पळणंच काढून टाकू या! एवढाच साधा फंडा. आणि त्यातून असा एक खेळ तयार झाला, की आज एकट्या फ्रान्समध्ये त्याचे तीन लाखांच्या आसपास नोंदणीकृत खेळाडू आहेत. नोंदणी-बिंदणीच्या भानगडीत न पडता सुट्टीत, बागेत, समुद्रावर खेळणारे किती, याचा तर हिशेबच नाही.

आगगाडी, जहाजं आणि मार्सेलिस

ला सियोता हे फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्स भागात, भूमध्य समुद्राच्या काठावर वसलेलं गाव. मार्सेय बंदरापासून साधारण तीस किलोमीटरवर. आता, मार्सेय म्हटलं की मराठी माणसाला वेगळं काही सांगायला नको. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं 'मार्सेलिस' ते हेच. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी मारली ती याच बंदरात. आणि गंमत म्हणजे, त्याच १९१० साली, तिथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, ला सियोतात पेतांक या नावानं पहिली जाहीर स्पर्धा भरली होती.

गावाची आणखी एक ओळख आपल्याला, विशेषतः मुंबईकरांना, जवळची आहे. लुमिए बंधूंच्या घरच्यांचा उन्हाळ्याचा बंगला इथं होता. स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची जी जगप्रसिद्ध फिल्म आहे, तिच्यातलं स्टेशन ला सियोताचं. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात लुमिएंच्या सिनेमाचा भारतातला पहिला खेळ झाला, तेव्हाच्या सहा छोट्या फिल्म्समध्येही गाडीच्या आगमनाची एक फिल्म होतीच. गावातलं 'ईडन' हे थिएटर जगातल्या सर्वांत जुन्या सिनेमा थिएटर्सपैकी एक मानलं जातं. अनेक वर्षं बंद राहिल्यावर २०१३ मध्ये डागडुजी करून ते पुन्हा सुरू झालं.

पण सिनेमा हा पाहुण्यांचा उद्योग झाला. गावाचं पोट चालायचं ते जहाजांवर. एकोणिसाव्या शतकापासून इथं जहाजबांधणीचा मोठा कारखाना होता. दिवसभर हातोडे, रिबिटं, दोरखंड आणि संध्याकाळी उन्हं कलली की झाडाखालच्या मातीच्या मैदानावर बूलचा डाव. बूल म्हणजे चेंडू, पण रबराचा नव्हे. जड, हातात नीट मावणारा, जमिनीवर पडला की धप्प आवाज करणारा गोळा.

लंगडी घालत नेम

पेतांकच्या आधी प्रोव्हान्समध्ये जो खेळ चालायचा त्याला 'ज्यू प्रोव्हान्साल', म्हणजे प्रोव्हान्सचा खेळ, असंच म्हणतात. तो आजही खेळला जातो. कल्पना सोपी आहे. लांबवर एक छोटा लाकडी गोळा टाकायचा आणि आपला बूल त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. समोरच्याचा बूल जवळ असेल तर नेम धरून तो उडवायचा. गोट्या खेळलेल्या कुठल्याही माणसाला हे लगेच कळेल. फक्त गोटीऐवजी पाऊण किलोचा गोळा आणि वीतभर अंतराऐवजी पंधरा ते वीस मीटर!

खरी गोम त्या अंतरातच आहे. एवढ्या लांब गोळा टाकायचा तर अंगाला झोका हवा. म्हणून या खेळात गोळा जवळ टेकवायचा असेल तर एक पाऊल पुढे टाकून एका पायावर तोल सांभाळत फेकायचा. आणि समोरच्याचा गोळा उडवायचा असेल तर तीन उड्या घेत धावायचं आणि त्या धावेतच नेम साधायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर, लंगडी घालता घालता गोट्या खेळायच्या. बघायला एकदम देखणा प्रकार, पण गुडघे, कंबर आणि घोटे शाबूत असतील तरच.

ज्यूल लनुआरचे ते शाबूत नव्हते.

खुर्चीवरचा खेळाडू

लनुआर हा त्या काळचा चांगला खेळणारा. पण संधिवातानं त्याला असं काही धरलं, की धावणं सोडाच, एका पायावर उभं राहणंही जमेना. ज्या मैदानावर तो खेळायचा ते एर्नेस्ट आणि जोसेफ पित्यो या भावांचं. मैदानाला लागून त्यांचा कॅफे होता. खेळ बघायला येणाऱ्यांना ते खुर्च्या भाड्यानं द्यायचे. म्हणजे आजच्या भाषेत, स्पोर्ट्स बारच!

गावात सांगतात ती गोष्ट अशी. खुर्च्यांवर बसलेले काही प्रेक्षक नुसते बसून राहीनात. पायापाशी आलेले गोळे उचलून आपसात टाकाटाकी करत, त्यामुळे चालू डावात गोंधळ व्हायचा. कंटाळून पित्यो भावांनी खुर्च्याच काढून टाकल्या. फक्त एका माणसाला सूट दिली, ती म्हणजे लनुआरला. जुना खेळाडू, दुखणाईत, त्याला कसं उठवणार? मग हा गृहस्थ खुर्चीत बसल्या बसल्या समोर थोड्या अंतरावर गोळे टाकत राहायचा. एकटाच. ज्याला एके काळी लोक खेळताना बघत होते, तो आता कडेला बसून स्वतःशीच खेळत होता.

एर्नेस्ट पित्योनं हे बघितलं. आणि त्यानं जे केलं ते दिसायला अगदी किरकोळ आहे. त्यानं जमिनीवर एक छोटं रिंगण आखलं, गोळा फेकायचं अंतर पाच-सहा मीटरवर आणलं आणि सुचवलं, की दोघांनीही या रिंगणात दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं आणि तिथूनच फेकायचं. धावायचं नाही, उडी मारायची नाही, पाऊलही पुढे टाकायचं नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे. सगळा किस्सा तिच्यावरच उभा आहे. पित्योनं लनुआरला सवलत दिली नाही. 'तू उभ्यानं फेक, आम्ही धावून फेकतो' असं म्हटलं असतं तर तो चांगुलपणा झाला असता, पण खेळ झाला नसता. लनुआर जिंकला असता तर लोक म्हणाले असते, त्याला जवळून टाकायला मिळालं. हरला असता तर, बिचारा! पित्योनं स्वतःचेही पाय रोवले. नियम दोघांना सारखा केला. त्या रिंगणात उभं राहिल्यावर कोण आजारी आणि कोण धडधाकट, हे विचारायचं कारणच उरलं नाही. राहिला तो फक्त हात आणि नेम.

हे नेमकं कधी घडलं, यावर फ्रान्समध्ये अजूनही वाद घालतात. कुणी १९०७ म्हणतं, कुणी १९१०. जागेबद्दल मात्र वाद नाही. 'ला बूल एत्वाले', म्हणजे 'तारांकित बूल', असं झकास नाव असलेलं पित्यो भावांचं ते मैदान. आज त्या मैदानाला ज्यूल लनुआरचंच नाव दिलेलं आहे. नियम ज्यानं बदलले त्याच्यापेक्षा, ज्याच्यासाठी बदलले त्याचं नाव पाटीवर, हे जरा विरळाच!

खेळाचं नावही याच प्रसंगातून आलं. प्रोव्हान्सच्या बोलीत 'पे' म्हणजे पाय आणि 'तांका' म्हणजे खुंटीसारखा रोवलेला. पाय रोवून खेळायचा खेळ तो पेतांक. नावातच नियम!

खिळ्यांचे गोळे

सुरुवातीच्या डावांमधले गोळे बघितले तर आज हसू येईल. तेव्हा बूल लाकडाचे असत. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या मुळापासून ते घडवायचे आणि झिजू नयेत म्हणून वरून लोखंडी खिळे ठोकायचे. एकाला एक लागून, शेकडो खिळे. प्रोव्हान्समधल्या एगीन या डोंगरातल्या गावाची त्यासाठी ख्याती होती. तिथल्या बायका माशाच्या खवल्यांसारखी नक्षी साधत खिळे बसवायच्या. असे गोळे आज म्युझियममध्ये आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात आणि चांगले महाग विकले जातात.

१९२० च्या दशकात धातूचे बूल आले. ल्वार भागातल्या सँ-बोने-ल-शातो या गावात जाँ ब्लाँ यानं पोलादाचे दोन अर्धगोल जोडून एक पोकळ गोळा बनवायची पद्धत बसवली. १९५५ मध्ये याच गावात 'ओब्यू' ही कंपनी सुरू झाली. बूल म्हटलं की आज जगभर याच कंपनीचं नाव घेतात. आता स्पर्धेतल्या बूलचं वजन ६५० ते ८०० ग्रॅम आणि व्यास ७०.५ ते ८० मिलिमीटर असावा लागतो. म्हणजे क्रिकेटच्या बॉलच्या जवळपास आकार, पण वजन चौपट-पाचपट. प्रत्येकानं आपल्या पंजाच्या मापाचा निवडायचा, बुटासारखा.

दोन आठवड्यांची सुट्टी

एका गावातला खेळ देशभर गेला कसा? याचं मोठं श्रेय जातं एका कायद्याला. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि नव्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी आणि चाळीस तासांचा आठवडा दिला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता असे हजारो लोक सायकलवरून, आगगाडीनं, तंबू पाठीला बांधून किनाऱ्याकडे निघाले. त्यातले पुष्कळ जण दक्षिणेला आले. तिथं त्यांना झाडांच्या सावलीत एक खेळ दिसला. शिकायला दहा मिनिटं, साहित्य जवळजवळ नाहीच, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच डावात. सुट्टी संपवून परत जाताना लोक तो खेळ बरोबर घेऊन गेले.

नंतरचं सगळं रीतसर झालं. १९४५ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ आणि १९५९ मध्ये बेल्जियममधल्या स्पा या गावी पहिली जागतिक स्पर्धा. महिलांची जागतिक स्पर्धा यायला मात्र १९८८ साल उजाडावं लागलं. १९६२ पासून मार्सेयमध्ये दर उन्हाळ्यात एक प्रचंड मोठी स्पर्धा भरते. 'ला मार्सेयेझ' हे दैनिक आणि पास्तिस या बडीशेपेच्या वासाच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेला उद्योजक पॉल रिकार यांनी मिळून ती सुरू केली. तिघातिघांच्या टीम्स, हजारो खेळाडू. तुमच्या पहिल्याच मॅचमध्ये समोर एखादा वर्ल्ड चॅम्पियन उभा ठाकू शकतो. गल्ली क्रिकेटमध्ये कधी झालंय असं?

आणि हा खेळ फक्त फ्रेंचांचा राहिला असंही समजू नका. मादागास्करनं १९९९ आणि २०१६ मध्ये पुरुषांचं जगज्जेतेपद मिळवलंय. थायलंडमध्ये तर तिथल्या राजमातेनं हा खेळ उचलून धरला आणि तो सैन्यापर्यंत पोचला. आज थाई खेळाडूंचा सगळ्यांना धसका असतो. ऑलिम्पिकनं मात्र हुलकावणी दिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी जोर लावला होता, पण २०१९ मध्ये आयोजकांनी ब्रेकडान्स, स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि क्लाइंबिंगला पसंती दिली. घरच्याच लग्नात पंगतीतून उठवल्यासारखं झालं!

क्लब म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे 'क्लब' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लाखांतली मेंबरशिप, वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट आणि दारावरचा ड्रेस कोड. ला सियोताच्या मातीतून जे क्लब निघाले ते याच्या बरोबर उलट टोकाचे. १९०१ मध्ये फ्रान्सनं संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य देणारा कायदा केला. चार-दोन लोकांनी एकत्र यायचं, उद्देश लिहायचा, नोंदणी करायची, की झाली संस्था. बहुतेक पेतांक क्लब असेच आहेत. जायदाद काय, तर एक मुरुमाचं मैदान, एक टपरीवजा खोली, चार खुर्च्या, मोजायची टेप आणि भिंतीवर एक तसबीर.

ही तसबीर कुणाची, याचाही किस्सा आहे. १३-० असा सपशेल पराभव झाला तर हरणाऱ्यानं 'फॅनी'च्या पार्श्वभागाचं चुंबन घ्यायचं, अशी जुनी रीत आहे. फॅनी ही प्रत्यक्षातली बाई नव्हे, क्लबच्या भिंतीवरचं तिचं चित्र किंवा पुतळी. हरलेल्यानं सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं. हरल्याचं दुःख पाच मिनिटांत संपतं, आणि पुढचा डाव सुरू.

अशा क्लबमध्ये निवृत्त पोस्टमनच्या टीममध्ये बँकेतली मुलगी असते आणि समोर कॉलेजचा पोरगा. ला सियोताचा जहाज कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. कामगारांनी कित्येक वर्षं कारखान्याचा ताबा सोडला नाही. आज त्या गोदीत श्रीमंतांच्या यॉट्स दुरुस्तीला येतात. ज्या कामानं गाव बांधलं गेलं ते काम गेलं, तरी संध्याकाळी मातीवर गोळे पडण्याचा आवाज थांबला नाही. नोकरी गेलेला, निवृत्त झालेला, नव्यानं गावात आलेला, सगळ्यांना उभं राहायला तेच एक रिंगण होतं.

आणि लनुआरची आठवण फक्त पाटीवर नाही, ती नियमांच्या पुस्तकातही आहे. खेळाडूला एकच पाय असेल तर त्यानं एकच पाय रिंगणात ठेवला तरी चालतो. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्याचं, ज्या हातानं फेकतो त्या बाजूचं, एक चाक रिंगणात असलं की झालं. तो इतरांबरोबर, त्याच डावात, त्याच नियमांनी खेळतो. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी दोरीला बांधलेलं लोहचुंबक मिळतं. ते सोडायचं, बूल चिकटतो, वर ओढून घ्यायचा. कंबरदुखीवाल्यांनो, ऐकताय ना?

मैदान गेलं, की काय जातं?

सगळंच गोड गोड आहे असं मात्र नाही. पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीवर, झाडीत दडलेल्या एका मैदानावर १९७१ पासून 'क्लॅप' नावाचा पेतांक क्लब होता. जागा महापालिकेच्या मालकीची. क्लबकडे रीतसर करार नव्हता. पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही, मग विचारलं. पालिकेनं जागेसाठी प्रस्ताव मागवले आणि शेजारच्या एका आलिशान हॉटेलच्या प्रस्तावाला पसंती दिली. प्रकरण कोर्टात गेलं, क्लब हरला. सभासदांनी मैदानातच मुक्काम ठोकला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये एका सकाळी पोलीस आले आणि त्यांनी मैदान रिकामं केलं.

कागदावर पालिकेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सार्वजनिक जागा एका क्लबनं विनाकरार का वापरावी, हा प्रश्न रास्तच आहे. पण नुकसान झालं ते कागदावर न मावणारं. मैदान दुसरीकडे मिळू शकतं, बूल तर प्रत्येकाचे स्वतःचेच असतात. दर संध्याकाळी पाच वाजता न ठरवता, न कळवता जिथं जायचं आणि कुणीतरी असेलच अशी खात्री असायची, ती जागा मात्र गेली. सत्तरीतल्या माणसासाठी तर ती बहुतेक शेवटचीच होती.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याही शहरात मोकळं मैदान म्हणजे 'अजून काही बांधलं नाही अशी जागा' असाच हिशेब असतो. सोसायटीच्या अंगणात पार्किंग आलं, शाळेच्या ग्राउंडला कुलूप लागलं आणि टर्फवर तासाचे पैसे मोजून खेळायची वेळ आली. पैसे मोजायची ऐपत आपल्याकडे आहेही. पण तासाचे पैसे भरल्यावर तिथं येणारा प्रत्येक जण धावू शकणाराच असावा लागतो. खुर्चीत बसून गोळे टाकणाऱ्या लनुआरला तिथं स्लॉट मिळत नाही.

पाँडिचेरीतली संध्याकाळ

पेतांक बघायला फ्रान्सचा व्हिसा काढायची गरज नाही, बरं का! पुद्दुचेरीला, आपल्या लाडक्या पाँडीला, वीकेंडला जाणारे बरेच जण पिवळ्या भिंतींचे फोटो काढून परत येतात. पण संध्याकाळी नीट कान दिला तर तिथं धातूवर धातू आपटल्याचा 'टण्ण' आवाज ऐकू येईल. १ नोव्हेंबर १९५४ ला या फ्रेंच वसाहतीचा कारभार भारताकडे आला आणि १९६२ मध्ये कायदेशीर हस्तांतर पूर्ण झालं. तेव्हा काही तमीळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व राखलं. त्यांतले कित्येक जण फ्रेंच सैन्यात होते आणि निवृत्त होऊन परत आले, येताना हा खेळही घेऊन आले. तिथं पेतांकचे क्लब आहेत, स्पर्धा होतात. लुंगी नेसलेले आजोबा तमीळमध्ये वाद घालत फ्रेंचमध्ये स्कोअर मोजतात. एकदा तरी बघण्यासारखा सीन!

खेळायचं कसं?

• जागा : १५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पट्टा पुरे, मित्रामित्रांत १२ बाय ३ सुद्धा चालतो. मुरुमाची, जराशी खडबडीत जमीन उत्तम. हिरवळ आणि फरशी नको.

• टीम : एकास एक, दोनास दोन किंवा तिघांस तिघे. एकेरी-दुहेरीत प्रत्येकी तीन बूल, तिघांच्या टीममध्ये प्रत्येकी दोन.

• सुरुवात : नाणेफेक जिंकणाऱ्यानं ३५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचं रिंगण आखायचं आणि त्यात उभं राहून छोटा लाकडी गोळा ६ ते १० मीटरवर टाकायचा. या गोळ्याला फ्रेंचमध्ये म्हणतात 'कोशोने', म्हणजे डुकराचं पिल्लू!

• डाव : पहिल्या टीमनं बूल पिल्लाजवळ टाकायचा. मग दुसरी टीम. ज्यांचा बूल लांब आहे त्यांनी, जवळ जाईपर्यंत किंवा हातातले बूल संपेपर्यंत, फेकत राहायचं. समोरच्याचा बूल नेमानं उडवायलाही परवानगी आहे.

• गुण : सगळे बूल संपले की मोजणी. समोरच्या टीमच्या सर्वांत जवळच्या बूलपेक्षा तुमचे जितके बूल जवळ, तितके गुण. आधी १३ करणारा जिंकला.

• एकच कडक नियम : बूल जमिनीवर पडेपर्यंत दोन्ही पाय रिंगणात, टेकलेले.

मग, कधी आखताय रिंगण?

बूलचा साधा सेट ऑनलाइन मिळतो. तोही नको असेल तर सुरुवातीला सारख्या आकाराचे जड गोटे घेऊनही हात बसवता येतो. चार गाड्या एकामागोमाग उभ्या राहतील एवढी मातीची पट्टी शोधा. सोसायटीच्या मागे, ऑफिसच्या कंपाउंडला लागून, गावच्या घराच्या अंगणात, कुठंतरी ती असेलच. खडूनं किंवा काठीनं एक रिंगण आखा.

आणि ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी एक फोन करा. तोच तो, गुडघेवाल्या दोस्ताला. 'बघायला ये' असं मात्र म्हणू नका. 'टीममध्ये एक जण कमी पडतोय' असं सांगा. दोन्ही पाय रोवून उभं राहिलात की तुमच्यात आणि त्याच्यात फरक उरणार तो फक्त नेमाचा. आणि त्यात तो तुम्हाला १३-० नं हरवणार नाही याची काही गॅरंटी नाही. फॅनीचं चित्र आधीच प्रिंट करून ठेवा!